वाचकांचे प्रश्न : जाड पिन, बारीक सॉकेट

मागच्या अंकात मी खोडदच्या दुर्बिणीचा (आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या अँटेनांच्या समूहाचा) ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला, असं लिहिलं तर खोटं ठरेल. नऊ पत्रं आली. त्यातल्या दोघांनी माझ्या मराठीतल्या चुका काढल्या आहेत (दोन्ही बरोबर). दोघांना घरच्या डिशचं चित्र सुधारून हवंय. उरलेल्या पाच जणांना इथे उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगायचं तर, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी बत्तीस वर्षं अँटेना मोजण्यात गेली. निवृत्त झाले, तरी पर्समध्ये आठ नंबरचा पाना अजून असतो. पत्रं थोडी आवरून छापली आहेत.

प्रश्न : मी संगमनेरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सरांच्या ओळखीने इटलीतल्या एका गटाबरोबर अँटेनावर काम करायची संधी आली आहे. सिम्युलेशन ते करणार, अँटेना बनवून मोजायची आम्ही. मैत्रिणी म्हणतात, खरं संशोधन त्यांचं, तुम्ही नुसते हमाल. खरं आहे का, मॅडम?

उत्तर : अगं, मैत्रिणींना सांग की हमालाला ओझ्याचं वजन मालकापेक्षा जास्त बरोबर कळतं.

ते लोक कॉम्प्युटरवर २.४५ गिगाहर्ट्झची अँटेना काढतील आणि बोर्डाचा डायलेक्ट्रिक काँस्टंट (त्या पदार्थात लहर किती मंदावते त्याचा आकडा) ४.४ धरतील, कारण एफआर-फोर या नेहमीच्या सर्किट बोर्डासाठी सगळे तोच धरतात. तू बुधवार पेठेतून आणलेला तुकडा ४.२ चा निघाला, की अँटेना पन्नासेक मेगाहर्ट्झ वर जाऊन बसणार. साध्या पॅच अँटेनाचा (बोर्डावरच्या तांब्याच्या चपट्या तुकड्याचा) फ्रीक्वेन्सीचा पट्टा मुळात तेवढाच रुंद असतो, म्हणजे तुमची अँटेना पट्ट्याच्या बाहेर. हे त्यांना तिकडे बसून कळायचं नाही. ते कळणार तुला, आणि निबंधात त्यावरचा परिच्छेदही तूच लिहायला हवास. लेखकांच्या यादीत नाव कुठे येणार ते पहिल्या महिन्यातच विचार. लाजू नकोस. नंतर विचारणं जड जातं.

पण तू न विचारलेलं एक सांगते. दोन गटांचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा जोडावर. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गटाने आमच्याकडे रिसीव्हरची एक पेटी पाठवली. छतावर आमची अँटेना, खाली खोलीत त्यांची पेटी. दिवसा सगळं सुरळीत. पहाटे दोनच्या सुमाराला सिग्नल गायब, आणि ऊन आलं की हजर. अकरा रात्री हेच चाललं. ते म्हणत, तुमचं छतावरचं काम कच्चं. आम्ही म्हणायचो, तुमच्या पेटीत खोट. दोन्हीकडची पत्रं दिवसेंदिवस जास्त सभ्य होत चालली होती, म्हणजे भांडण जवळ आलं होतं.

बाराव्या रात्री मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेका जोडावर टकटक करत निघाले. पेटीच्या मागच्या सॉकेटवर टकटक केली आणि पडद्यावरची रेघ टुणकन वर आली. कनेक्टर काढून भिंगातून पाहिलं, तर सॉकेटच्या मधल्या सोनेरी पाकळ्या फाकलेल्या. एन-टाइप कनेक्टर दोन जातींचे असतात, ५० ओहमचे आणि ७५ ओहमचे. बाहेरून जुळे भाऊ, आटेही सारखे. फक्त ५० वाल्याची मधली पिन जाड. ती ७५ च्या सॉकेटात दाबली, तर आत जाते, पण पाकळ्या कायमच्या उघडतात. मग नेमून दिलेली बारीक पिन आत सैल राहते, आणि पहाटेच्या गारव्यात धातू जरासा आकसला की संपर्क तुटतो. पेटी ७५ ची होती. पहिल्या दिवशी घाईत चाचणी घ्यायला तिथे ५० ची केबल दाबून बसवली होती ती मीच. तो कबुलीजबाबाचा ई-मेल लिहायला मला दोन कप चहा लागला. उत्तर एका ओळीचं आलं: आमच्याकडेही हे झालंय, नवं सॉकेट पाठवतोय.

हे फक्त माझ्यासारख्या धांदरट लोकांचं होतं असं समजू नकोस. १० जुलै १९६२ ला टेलस्टार उपग्रह वर गेला. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून अटलांटिकपार टेलिव्हिजन पाठवायचा घाट घातला होता. अमेरिकेत मेन राज्यातल्या अँडोव्हरहून चित्र निघालं. फ्रान्सच्या प्लमर-बोदूला ते छान मिळालं. इंग्लंडच्या गूनहिलीला मात्र जेमतेम भुतासारखं काहीतरी दिसलं. तिथली अँटेना उत्तम, माणसं हुशार. चूक एका शब्दाची होती. उपग्रहाची लहर गोल फिरत येणारी होती आणि तिची फिरण्याची दिशा कागदावर लिहिलेली होती. पण ती दिशा लहरीच्या मागे उभं राहून पाहायची की समोर उभं राहून, यावर दोन पंथ होते. भिंतीवरचं घड्याळ काचेचं असतं आणि तू पलीकडून पाहिलं असतंस, तर काटे उलटे फिरताना दिसले असते ना? तसं. गूनहिलीचा ध्रुवीकरणाचा भाग, म्हणजे कुठल्या दिशेने फिरणारी लहर घ्यायची ते ठरवणारा, उलटा बसला होता. तो फिरवल्यावर चित्र स्वच्छ आलं.

तेव्हा पहिल्या बैठकीआधी एक पानभर कागद तयार कर. कनेक्टर कोणते, ५० की ७५. उजवं फिरणं म्हणजे कुठून पाहिल्यावर उजवं. गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर लावते तो आकडा, डीबीआयमध्ये की डीबीडीमध्ये (दोन्हींत २.१५ चा फरक, आणि लोक खुशाल नुसतं ‘डीबी’ लिहितात). फेज मोजायची ती नेमक्या कुठल्या जागेपासून. उपकरण परत जायचं असेल, तर कस्टम्सचे कागद कोण करणार. इटलीचे लोक हसतील कदाचित. हसू देत. सही मात्र घे.

प्रश्न : ताई, आमची द्राक्षबाग नारायणगावच्या बाजूला आहे. पलीकडे दुर्बिणीची ताटली दिसते. तिथे परदेशी शास्त्रज्ञ येतात म्हणे. आमचा फायदा काय? दुसरं, बागेत जमिनीचा ओलावा मोजणारे वायरलेस सेन्सर बसवायचेत. दुर्बिणीवाले हरकत घेतील का?

उत्तर : दादा, दुसरं आधी, कारण त्यात तुमचे पैसे आहेत.

सेन्सर घेताना दुकानदाराला एकच विचारा: कुठल्या फ्रीक्वेन्सीचा? ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पुष्कळ मॉड्यूल अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झचे असतात, काही युरोपच्या ८६८ च्या किंचित वरचे. आपल्याकडे विनापरवाना वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८. चुकीचा घेतला तर काम करेल, पण कायद्यात बसणार नाही, आणि शेजारच्या मोबाइल टॉवरच्या गोंगाटात तुमच्या मातीचा निरोप पोचेलच असंही नाही. दुर्बिणीच्या दृष्टीने बघाल, तर तिचा एक पट्टा ८५० ला संपतो आणि पुढचा १००० च्या वर सुरू होतो. मधली मोबाइलची बजबजपुरी तिने मुद्दाम सोडली आहे. म्हणजे तुमच्या सेन्सरच्या निरोपाचा त्रास फारसा नाही. त्रास देतो तो हलक्या प्रतीचा चार्जर, सोलरचा स्वस्त कंट्रोलर, बोअरच्या मोटरचा ठिणग्या मारणारा स्टार्टर. या वस्तूंना फ्रीक्वेन्सी माहीत नसते, त्या सगळीकडे खरखर करतात. खोडदच्या कार्यालयात जाऊन एकदा दाखवा. ते लोक गावात राहून काम करतात, बोलतात नीट.

आता फायदा. पैशातला हवा असेल, तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडं आहे. पण तुमच्या बांधावरून दिसणाऱ्या त्या ताटलीने काय केलंय ते ऐका. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं स्कियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ट्रान्समीटर थोडक्या वॉटचा, घरातल्या लहानशा बल्बएवढा, ४०१ मेगाहर्ट्झवर बोलणारा. अंतर एवढं, की लहरीला इथे पोचायला दहाएक मिनिटं लागावीत. तो आवाज पृथ्वीवरून थेट ऐकायला अमेरिकेच्या नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने आपली खास यंत्रणा आणून खोडदला जोडली होती. यान उतरताना सगळे ऐकत होते. पॅराशूट उघडल्याची खूण मिळाली. मग उतरायला जेमतेम मिनिट उरलं असताना आवाज बंद. यान आपटलं होतं. पुढे कळलं, की फिरण्याचं माप घेणारं उपकरण क्षणभर गोंधळलं, यानाला वाटलं आपण जमिनीला टेकलोच, आणि पॅराशूट फार आधी सुटलं. मंगळावर काय घडतंय हे जगाला त्या क्षणी सांगत होत्या त्या जुन्नर तालुक्यातल्या ताटल्या.

अशा तीस आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकी सोळा तीन हातांवर दूरदूर. २००२ पासून जगातला कुणीही शास्त्रज्ञ अर्ज करून या दुर्बिणीवर वेळ मागू शकतो. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीवरच्या गुणगुणीचा पुरावा युरोपच्या गटाने जाहीर केला, त्यात भारत आणि जपानच्या गटाने याच ताटल्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली पल्सारची निरीक्षणं होती. पल्सार म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी पाठवणारा मेलेला तारा, आकाशातलं घड्याळच; गुरुत्वीय लहर मधून गेली, की त्याचे ठोके किंचित पुढेमागे पोचतात. त्याचे ठोके तुमच्या शेजारी मोजले जातात.

प्रश्न : त्या ताटल्या पावसात गंजत नाहीत का? वाऱ्याने उडत नाहीत? (इयत्ता सातवी, ओतूर)

उत्तर : नाही, कारण त्या ताटल्याच नाहीत, जाळ्या आहेत. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशी स्टेनलेस स्टीलची तार, तिची जाळी, आणि ती दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. वारा आरपार जातो आणि पाणी गळून जातं. रेडिओ लहर मात्र अडते, कारण जाळीची भोकं तिच्या मानाने फारच बारीक. मच्छरदाणीतून वारा येतो पण डास येत नाही, तसंच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला ये, सगळ्यांना आत सोडतात. गर्दी असते, पाण्याची बाटली घेऊन ये.

प्रश्न : मी कल्याणचा, वय ७८. ‘एसकेए’ नावाच्या, अनेक देशांनी मिळून बांधायच्या रेडिओ दुर्बिणीत भारत सरकार सुमारे १२५० कोटी रुपये घालणार असं वाचलं. अँटेना उभ्या राहणार ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत. आपल्या करदात्याने परक्याच्या रानात का पैसे घालावेत?

उत्तर : काका, हा प्रश्न कल्याणहून यावा याचं मला हसू आलं, रागावू नका.

१९५३ ते ५५ या काळात गोविंद स्वरूप सिडनीत होते. तिथे पॉट्स हिल नावाच्या जलाशयाच्या काठावर सहा-सहा फुटी ३२ ताटल्यांची ओळ होती, सूर्य पाहायला. त्या लोकांचं तिथलं काम संपलं आणि ताटल्या मोडीत निघायची वेळ आली, तेव्हा स्वरूपांनी त्या मागितल्या. ऑस्ट्रेलियाने भेट म्हणून देऊन टाकल्या. त्या बोटीने आल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही वर्षं पडून राहिल्या, मग मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेकडे आल्या आणि १९६५ मध्ये उभ्या राहिल्या त्या तुमच्या कल्याणजवळ. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहणारी भारतातली ती पहिली मोठी व्यवस्था. तिच्यावर शिकलेल्या पोरांनी पुढे १९७० ला उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, आणि मग खोडद. तेव्हा सिडनीच्या करदात्यानेही विचारलं असेल, आपल्या ताटल्या परक्याच्या रानात का म्हणून?

तरी प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर. ऑस्ट्रेलियाची जागा म्हणजे मर्चिसन. नेदरलँड्सएवढा प्रदेश आणि वस्ती शंभरेक माणसांची. चंद्रावर कुणी मोबाइल सुरू ठेवला, तर तो रेडिओ दुर्बिणीला आकाशातल्या सर्वांत प्रखर गोष्टींत मोजावा लागेल, इतक्या नाजूक कानाचं हे काम. शंभर माणसांचा तालुका आपण कुठून आणणार? तिथली जमीन वजारी यमाजी या मूळ रहिवाशांची, त्यांच्याशी करार करूनच काम सुरू झालं. त्यांनी त्या जागेला जे नाव दिलं त्याचा अर्थ आकाश आणि तारे वाटून घेणं, असा आहे.

तिथे १,३१,०७२ अँटेना उभ्या राहणार आहेत. प्रत्येक माणसाहून थोडी उंच, तारांच्या ख्रिसमस ट्रीसारखी. यांना फिरवायला मोटर नसते. आकाशात कुठे पाहायचं ते विजेच्या हिशेबाने ठरतं, प्रत्येक अँटेनाचा सिग्नल किती उशिराने मिळवायचा एवढ्यावर. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात १९७ ताटल्या असतील, त्यातल्या ६४ आधीपासून आहेत. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून पहिलं चित्र आलं. फक्त १,०२४ अँटेना जोडलेल्या, म्हणजे शंभरातली एकही धड नाही. त्यात ८५ च्या आसपास दीर्घिका दिसल्या.

आपलं त्यात काय? या लाखभर यंत्रांना हुकूम देणं, त्यांची तब्येत विचारणं, कुठलं आजारी आहे ते कळवणं, हा जो दुर्बिणीचा कारभारी आहे त्याच्या आराखड्याचं पुढारपण खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे होतं. सॉफ्टवेअरचा पाया युरोपातून घेतलेला, टँगो नावाचा, वर आपल्या लोकांचं काम. हे शिक्षण खोडदच्या तीस ताटल्यांनी दिलं. एक ताटली रात्री तीन वाजता रुसली तर काय करायचं, हे तीस वर्षं सोसलेल्या माणसांनाच कळतं. तेव्हा १२५० कोटींतलं बरंचसं काम इथेच होतं, इथल्याच माणसांच्या हातून. रक्कम मोठी आहे हे मला मान्य. पण आपण गेल्या वेळी ताटल्या फुकट घेतल्या होत्या, हेही ध्यानात असू द्या.

एक गंमत. या मंडळींची ऑनलाइन बैठक साऱ्यांना सोसेल अशी वेळ एकच, आपल्याकडे दुपारी दीड. तेव्हा पर्थला चार वाजलेले, दक्षिण आफ्रिकेत दहा, आणि इंग्लंडच्या मुख्यालयात हिवाळ्यात सकाळचे आठ. जगाच्या सोयीची वेळ म्हणजे आपली डब्याची वेळ! माझी एक जुनी सहकारी अजून अशा बैठकांना बसते. माइक बंद, कॅमेरा बंद, समोर पोळी-भाजी. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि चार देशांनी पापड ऐकला.

प्रश्न : मी आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराकडच्या शाळेत शिक्षक आहे. माळीण गाव दरडीखाली गेल्यापासून दर पावसाळ्यात पालक विचारतात, दरडीची सूचना देणारं यंत्र बसवता येत नाही का? परदेशात असतं म्हणे.

उत्तर : सर, परदेशात कशाला, केरळात आहे. मुन्नारजवळ अँथोनियार कॉलनीच्या उतारावर अमृता विद्यापीठाने वायरलेस सेन्सरचं जाळं उभारलं. हे काम ‘विन्सॉक’ या युरोपीय आयोगाच्या पैशातल्या प्रकल्पातलं, त्यात रोमचं सापिएन्झा विद्यापीठ आणि इतर देशांच्या संस्था होत्या. युरोपच्या लोकांकडे सेन्सरनी आपसांत कसं बोलावं याचं गणित होतं. डोंगर, पाऊस आणि त्याखाली राहणारी माणसं केरळकडे.

काम असं चालतं. उतारात खोल भोकं पाडून त्यात नळ्या सोडतात. आत मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर, आणि नळी जराही कलली तर सांगणारी उपकरणं. मुरणाऱ्या पावसाने हा दाब वाढत गेला की माती खालच्या खडकाला धरून राहात नाही. दरड येण्याआधी काही तास ही गोष्ट जमिनीच्या पोटात सुरू झालेली असते; वरून काही दिसत नाही. सेन्सरचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत खालच्या पेटीपर्यंत, तिथून उपग्रहाच्या अँटेनाने कोल्लमजवळच्या केंद्रात.

मात्र अडचणी पुस्तकात असतात त्याहून वेगळ्या. सेन्सरला वीज सोलरची, आणि ज्या आठवड्यात तो सर्वांत जास्त हवा त्याच आठवड्यात ऊन नाही. म्हणून कोरड्या दिवसांत तो बराच वेळ झोपतो आणि पाऊस वाढला की भराभर बोलायला लागतो. ओली झाडी २.४ गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकते. जानेवारीत दोन खांबांमध्ये छान चाललेला संपर्क जुलैत तुटतो. हे मी स्वतः एका टेकडीवर पाहिलंय. अँटेना मीटरभर वर घेतली, तेव्हा लागला.

आणि मोठी अडचण म्हणजे एका उताराचं जाळं त्या एका उताराचंच. सह्याद्रीत असे उतार किती, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणला काय झालं ते बाहेर कळलं ते एसटीच्या चालकाला, रोजच्या जागी गाव दिसेना म्हणून. इर्शाळवाडीला २०२३ मध्ये रात्री दरड कोसळली, तिथे तर वर जायला गाडीरस्ताही नव्हता. तिथे सेन्सरने निरोप दिला असता, तरी रात्री तो कुणाच्या हातात पडला असता आणि दार कुणी वाजवलं असतं, हे आधी ठरवावं लागलं असतं. यंत्र आणि गाव यांच्यातला हा जोड कुठलंही परदेशी विद्यापीठ करून देत नाही.

पालकांना ‘यंत्र येईल’ असं सांगून थांबवू नका. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा. तो मिळेपर्यंत सरळ बाजूंचं रुंद भांडंही चालेल, आत पट्टी उभी करून पाणी मिलिमीटरमध्ये मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा, सुट्टीच्या दिवशीही. वरच्या शेतात नवी भेग, वाकलेला खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, असं काही मुलांनी पाहिलं तर त्याच वहीत लिहायचं. पावसाळा संपला की ती वही मला पाठवा. केरळच्या कामाशी ओळख असलेली दोनतीन माणसं मला माहीत आहेत. नुसती विनंती घेऊन गेले तर ती चहा देतील. चार महिन्यांचे आकडे घेऊन गेले, तर खुर्ची पुढे ओढून बसतील.